पुढच्या चाळीस वर्षांचा आराखडा



चंद्रपूरहून बल्लारपूर, गोंडपिपरी, आष्टी या मार्गाने आलापल्लीकडे निघाले आणि वैनगंगा ओलांडली, की थोड्याच वेळात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जंगल दाट होऊ लागते. सागाची सरळ खोडे, मधून मधून ऐन, बिजा, मोह, तेंदू आणि खाली मानवेल बांबूची बेटे. अशा एखाद्या मोठ्या सागाजवळ उभे राहून स्वतःला एक साधा प्रश्न विचारून पाहा. हे झाड ज्याने लहानपणी राखले, त्याला त्यापासून काय मिळाले?

बहुधा काहीच नाही. इमारती लाकडासाठी साग पक्व होण्यास साठ ते ऐंशी वर्षे लागतात. पंचविशीतल्या वनरक्षकाने ज्या रोपाभोवतीचे गवत काढले, त्याचे लाकूड डेपोत येते तेव्हा त्या वनरक्षकाचा नातू नोकरीला लागलेला असतो. म्हणजे जंगलात काम करणाऱ्याला आपल्या आयुष्यापलीकडचा विचार करावाच लागतो. तो त्याच्या हौसेचा भाग नसून कामाचाच भाग असतो.

असा दूरवरचा विचार करणे हाच ज्यांचा व्यवसाय आहे, अशी माणसे आज जगात आहेत. कंपन्या, सरकारे, नगरपालिका, विमा संस्था त्यांना बोलावतात आणि विचारतात, ‘पुढच्या वीस-तीस वर्षांसाठी आम्ही कशी तयारी करावी?’ त्यांना आपण भविष्य-अभ्यासक म्हणू. ते नेमके काय करतात आणि त्यांची रीत चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात कशी लागू पडते, हे या लेखात पाहू.

भविष्य सांगणे नव्हे

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. भविष्य-अभ्यासक म्हणजे ज्योतिषी नव्हे. ‘अमुक साली तमुक होईल’ असे तो सांगत नाही, आणि कोणी सांगू लागलाच तर सावध राहावे.

याचे एक बोलके उदाहरण आहे. अमेरिकेतील हर्मन कान हे या क्षेत्रातील आरंभीच्या अभ्यासकांपैकी एक. त्यांनी आणि अँथनी वीनर यांनी १९६७ मध्ये इ. स. २००० संबंधी एक ग्रंथ लिहिला. शतक संपण्यापूर्वी प्रत्यक्षात येऊ शकतील अशा शंभर शोधांची यादी त्यात होती. खिशात मावणारा दूरध्वनी त्या यादीत होता आणि तो आपल्या हाती आला. पण माणसाला महिनोन् महिने शीतनिद्रेत ठेवण्याची युक्तीही त्याच यादीत होती, ती काही आली नाही. दोन्ही अंदाज त्याच विद्वानांचे, त्याच अभ्यासातले. कोणता खरा ठरेल हे १९६७ मध्ये कोणाला सांगता आले असते?

मग या अभ्यासाचा उपयोग काय, असे तुम्ही विचाराल. उत्तर असे, की भविष्य एक नसते. आजच्या बिंदूपासून अनेक वाटा फुटतात. त्यांतील कोणत्या वाटा शक्य आहेत, कोणत्या संभवनीय आहेत आणि कोणत्या आपल्याला हव्या आहेत, हे वेगवेगळे मांडून दाखवणे हे या अभ्यासकाचे काम. पाऊस कधी येईल हे सांगता आले नाही, तरी छपराची डागडुजी उन्हाळ्यात करता येते.

जंगलातला जुना हिशेब

अशा नियोजनाचा एक जुना आणि सुबक नमुना वनशास्त्रात आहे. समजा, तुमच्याकडे ८० हेक्टर सागाचे जंगल आहे आणि साग ८० वर्षांत पक्व होतो. तर दरवर्षी फक्त १ हेक्टर तोडायचे आणि तेथे लगेच नवी लागवड करायची किंवा नवी वाढ राखायची. ऐंशी वर्षांनी तुम्ही पहिल्या तुकड्याकडे परत याल, तेव्हा तेथील साग पुन्हा तोडणीयोग्य झालेला असेल. जंगल कधी संपणार नाही आणि लाकूडही कधी थांबणार नाही. प्रत्यक्षात जमिनीचा कस, उतार, झाडांची वाढ यांप्रमाणे हा हिशेब बराच गुंतागुंतीचा होतो, पण मूळ तत्त्व हेच. जेवढे वाढते तेवढेच काढायचे.

हे तत्त्व जर्मनीतील हान्स कार्ल फॉन कार्लोविट्झ यांनी १७१३ मध्ये ग्रंथरूपाने मांडले. तेथील खाणींना आणि भट्ट्यांना लाकूड लागे आणि जंगले झपाट्याने संपत होती. दीडशे वर्षांनी डिट्रिख ब्रँडिस हे जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ ब्रह्मदेशातील सागाच्या जंगलांचा अनुभव घेऊन भारतात आले आणि १८६४ मध्ये भारताचे पहिले वन महानिरीक्षक झाले. त्यानंतर आपल्याकडे जंगलांसाठी लेखी योजना करण्याची पद्धत रुजली. आजही वन विभागात प्रत्येक वनविभागासाठी साधारण दहा वर्षांची ‘कार्य आयोजना’ तयार होते. जंगलाचे कक्ष पाडलेले असतात. कोणत्या कक्षात कोणत्या वर्षी कूप काढायचा, कोठे विरळणी करायची, कोठे झाडाला हातही लावायचा नाही, हे तीत लिहिलेले असते. एक अधिकारी बदलून दुसरा आला तरी योजना पुढे चालू राहते.

हिशेब बरोबर, पण जग बदलले

या हिशेबात एक गृहीत धरलेली गोष्ट आहे. ती तुमच्या लक्षात आली का? ऐंशी वर्षे जग जसेच्या तसे राहील, हे ते गृहीत.

समजा, १९०० च्या सुमारास एका वनाधिकाऱ्याने या भागातील सागाचा एक तुकडा १९८० मध्ये तोडण्यासाठी राखून ठेवला. लाकूड, पूल, इमारती, आगगाडीचे डबे हे त्याच्या डोळ्यांपुढे होते. वाघ हा तर त्या काळी शिकारीचा प्राणी, त्याला मारल्याबद्दल सरकारी बक्षिसेही मिळत. त्या अधिकाऱ्याची गणिते अचूक असतील. पण पुढे काय काय घडले पाहा. दोन महायुद्धे झाली. १९४७ मध्ये देश स्वतंत्र झाला. १९५५ मध्ये ताडोबा राष्ट्रीय उद्यान झाले. लाकडाच्या अनेक कामांसाठी पोलाद, सिमेंट आणि प्लायवूड वापरात आले. १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला आणि वाघ मारणे गुन्हा ठरला. १९८० मध्ये वन संवर्धनाचा कायदा आला. १९८२ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातून गडचिरोली हा नवा जिल्हाच निघाला. साग पक्व झाला त्या वेळी ‘केव्हा तोडायचा?’ हा प्रश्न मागे पडून ‘तोडायचा की नाही?’ हा प्रश्न पुढे आला होता.

झाडाची वाढ मोजता येते, पण माणसांच्या गरजा, कायदे आणि बाजार त्याच पट्टीने मोजता येत नाहीत. येथे वनशास्त्राचा हिशेब संपतो आणि भविष्य-अभ्यासकाचे काम सुरू होते.

तेल कंपनीने घेतलेला धडा

हीच अडचण जंगलापासून फार दूर, एका तेल कंपनीपुढे उभी राहिली होती. दुसऱ्या महायुद्धानंतर जगात तेलाची मागणी वर्षानुवर्षे वाढत होती आणि तेल स्वस्त होते. कंपन्यांचे नियोजन सोपे होते. गेल्या वर्षांचा आलेख घ्यायचा, पट्टी लावायची आणि रेषा पुढे वाढवायची.

शेल या कंपनीत पिएर वॅक नावाचे फ्रेंच नियोजक होते. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रेषा वाढवण्याऐवजी प्रश्न विचारले. तेल ज्यांच्या भूमीतून निघते त्या देशांच्या जागी आपण असतो, तर स्वस्तात तेल विकत राहिलो असतो का? त्यांना दिसले, की किंमत एकाएकी चढण्याची शक्यता खरी आहे. १९७० नंतरच्या एक-दोन वर्षांत त्यांनी कंपनीपुढे भविष्याची एकाहून अधिक चित्रे मांडली. काही चित्रांत सारे सुरळीत होते, काहींत तेलाचा तुटवडा होता. अशा चित्राला आपण ‘शक्यताचित्र’ म्हणू.

ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब-इस्राएल युद्ध पेटले. पिंपाला सुमारे ३ डॉलर असलेला तेलाचा भाव १९७४ च्या आरंभी सुमारे १२ डॉलरवर गेला. सारे जग गोंधळून गेले. शेललाही फटका बसला, पण ज्या प्रसंगाचा आधी विचार केला होता तोच समोर आल्याने ती कंपनी इतरांपेक्षा लवकर सावरली.

वॅक यांना यातून एक वेगळाच धडा मिळाला. नुसता अहवाल देऊन काही होत नाही. अधिकारी तो वाचतात, मान डोलावतात आणि कपाटात ठेवतात. निर्णय घेणाऱ्याच्या मनात जगाचे जे चित्र असते तेच बदलावे लागते. म्हणून भविष्य-अभ्यासकाचे निम्मे काम अभ्यासाचे असते आणि निम्मे काम माणसांशी बोलण्याचे.

बांबू फुलतो तेव्हा

हा धडा न ऐकल्याने काय होते, याचे उदाहरण आपल्याच देशात आहे आणि त्याचा संबंध थेट बांबूशी आहे.

बांबू हे गवताच्या कुळातले झाड. बांबूच्या अनेक जाती आयुष्यात एकदाच फुलतात, आणि त्याही एका मोठ्या प्रदेशात जवळजवळ एकाच वेळी. फुलोरा येतो, बी पडते आणि सारी बेटे वाळून जातात. मिझोरममधील मुख्य बांबू सुमारे ४८ वर्षांनी फुलतो. त्याची फळे खाऊन उंदरांची संख्या बेसुमार वाढते. फळे संपली की ते शेतांत आणि धान्याच्या कोठारांत शिरतात. तेथील लोक या आपत्तीला ‘माउताम’ म्हणतात. मिझो भाषेत ‘माऊ’ म्हणजे बांबू आणि ‘ताम’ म्हणजे दुष्काळ.

वडीलधाऱ्यांना हे चक्र ठाऊक होते. मिझोरम तेव्हा आसाम राज्याचा एक जिल्हा होता. फुलोरा जवळ आला हे ओळखून तेथील जिल्हा परिषदेने १९५८ मध्ये राज्य सरकारकडे आगाऊ मदत मागितली. ती मिळाली नाही. उंदीर वाढतात म्हणून दुष्काळ पडतो, ही अडाणी समजूत मानली गेली. १९५९ मध्ये दुष्काळ पडला. लोकांच्या संतापातून दुष्काळ निवारणासाठी एक संघटना उभी राहिली, तिचे पुढे राजकीय पक्षात रूपांतर झाले, १९६६ मध्ये सशस्त्र उठाव झाला आणि शांततेचा करार व्हायला १९८६ साल उजाडले.

पुढचा फुलोरा २००६-०७ च्या सुमारास येणार हे गणित सोपे होते. या वेळी सरकारने काही वर्षे आधीच योजना आखली. उंदीर मारून शेपट्या आणून देणाऱ्यांना बक्षीस ठेवले, उंदीर सहसा खात नाहीत अशी आले, हळद यांसारखी पिके घेण्यास शेतकऱ्यांना सांगितले. नुकसान टळले असे नाही. पिके बुडाली, हाल झाले. पण १९५९ ची पुनरावृत्ती झाली नाही. दोन्ही वेळी निसर्गाची सूचना सारखीच स्पष्ट होती. फरक पडला तो ऐकणाऱ्यांमुळे.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातील मानवेल बांबूही असाच फुलतो आणि मरतो. त्याचे चक्र मिझोरमच्या बांबूइतके नेमके नसते. जागेप्रमाणे ते बदलते, पण बहुधा काही दशकांचे असते. बी तांदळाच्या दाण्यासारखे बारीक असते. त्यातून नवी रोपे उगवतात, मात्र तोडण्याजोगी बेटे तयार होण्यास आठ-दहा वर्षे तरी जातात. दरम्यान वाळलेल्या बांबूमुळे वणव्याचा धोका वाढतो.

आता विचार करा. ज्या गावाचे उत्पन्न बांबूवर चालते, त्याने काय करावे?

ग्रामसभाही एक संस्थाच

हा प्रश्न येथे पुस्तकी नाही. या दोन जिल्ह्यांतील बांबू अनेक दशके मुख्यतः कागदासाठी बल्लारपूरच्या गिरणीकडे जात असे. बांबूचे काय करायचे हे गावाच्या हाती नव्हते. २००६ च्या वनहक्क कायद्याने चित्र बदलले. बांबू हे गौण वनोपज मानले गेले आणि सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावांना त्याचा अधिकार आला.

धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) हे पाचशेच्या आसपास वस्तीचे गोंड आदिवासींचे गाव. सामूहिक वनहक्काचा दाखला मिळवणाऱ्या देशातील पहिल्या गावांपैकी ते एक. २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर त्याचा हक्क मान्य झाला. तरीही बांबू विकून बाहेर नेण्यासाठी वाहतूक परवाना लागे, आणि तो देण्याचा अधिकार ग्रामसभेकडे येण्यास २७ एप्रिल २०११ हा दिवस उजाडावा लागला. त्या दिवशी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत परवाना-पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले.

मेंढ्याची कामाची रीत आपल्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. देवाजी तोफा आणि ‘वृक्षमित्र’चे मोहन हिराबाई हिरालाल यांच्या प्रयत्नांतून तेथे अभ्यासगटाची पद्धत रुजली. एखादा प्रश्न आला की आधी अभ्यासगटात त्यावर माहिती घ्यायची, बाहेरच्या जाणकाराला विचारायचे, उलटसुलट चर्चा करायची. निर्णय मात्र अभ्यासगटाने घ्यायचा नाही. तो ग्रामसभेनेच घ्यायचा, आणि तोही बहुमताने नव्हे तर सर्वांच्या संमतीने. भविष्य-अभ्यासक मोठ्या संस्थेत नेमके हेच करतो. तो अभ्यास मांडतो, निर्णय त्याचा नसतो. ज्यांना परिणाम भोगायचे आहेत, निर्णय त्यांचा.

चार चित्रे

आता आपण स्वतःच एका गावाचे भविष्य-अभ्यासक होऊ. गाव कल्पित आहे, आकडेही कल्पित आहेत, पण रीत खरी आहे.

आपल्या गावाला बांबूपासून वर्षाला ४० लाख रुपये मिळतात. पुढच्या वीस वर्षांत दोन गोष्टी अनिश्चित आहेत. एक, बांबूला भाव राहील की पडेल? दोन, बांबू या काळात फुलेल की तगून राहील? या दोन प्रश्नांच्या उत्तरांतून चार चित्रे तयार होतात.

पहिले चित्र : भाव चांगला आणि बांबू तगलेला. सारे खूश. पण धोका येथेही आहे. पैशाच्या मोहाने कोवळ्या काठ्याही तोडल्या जातील. पावसाळ्यात उगवलेला कोंब काही महिन्यांत पूर्ण उंच होतो खरा, पण काठी पक्व होण्यास सुमारे तीन वर्षे लागतात. कोवळ्या काठ्या तोडल्या की बेट खचते.

दुसरे चित्र : भाव चांगला, पण बांबू फुलून मेलेला. बाजारात मागणी आहे आणि विकायला काही नाही. उन्हाळ्यात वणव्याची भीती.

तिसरे चित्र : बांबू तगलेला, पण भाव पडलेला. तोडणी परवडत नाही. बेटे दाटून जातात, मजुरी बंद होते आणि तरुण मुले कामासाठी शहराची वाट धरतात.

चौथे चित्र : भाव पडलेला आणि बांबूही फुललेला. सर्वांत कठीण दिवस.

यांतले कोणते खरे ठरेल, हा प्रश्न आपण विचारायचा नाही. विचारायचा प्रश्न असा : ‘आज असे काय करावे, जे चारही चित्रांत उपयोगी पडेल?’

विचार केल्यावर काही गोष्टी सुचतात. मोह, तेंदूपान, चारोळी, हिरडा-बेहडा यांच्याकडे दुर्लक्ष न करणे. जाळरेषा दरवर्षी साफ ठेवणे. बेटांचा नकाशा आणि नोंदवही ठेवणे. आणि उत्पन्नातील काही भाग बाजूला काढणे. दरवर्षी १० लाख रुपये शिल्लक टाकले तर १६ वर्षांत १ कोटी ६० लाख होतील. पुढे बांबू फुलला आणि ८ वर्षे काहीच उत्पन्न आले नाही, तरी गावाला वर्षाला २० लाख, म्हणजे नेहमीच्या निम्मे उत्पन्न मिळत राहील. व्याज आणि महागाई यांचा विचार आपण येथे केलेला नाही. तो तुमच्या गणिताच्या शिक्षकांना विचारून करा.

शेवटी खुणा ठरवायच्या. चारपैकी कोणते चित्र जवळ येत आहे हे आधी कशावरून कळेल? शेजारच्या जंगलात तुरळक फुलोरा दिसू लागला का? व्यापारी यंदा किती आले? दहावीनंतर गावातील किती मुले बाहेर गेली? अशा खुणांची दरवर्षी नोंद ठेवली, की आराखडा कपाटात पडून राहत नाही.

कोळशाच्या गावीही हाच प्रश्न

हीच रीत बांबूशिवायही लागू पडते. चंद्रपूरचे नाव घेतले की कोळशाच्या खाणी आणि औष्णिक वीज केंद्र आठवते. १९८० च्या दशकात उभ्या राहू लागलेल्या या केंद्राची क्षमता पुढे २९२० मेगावॅटवर गेली. हजारो कुटुंबांची चूल त्यावर आणि खाणींवर पेटते. दुसरीकडे, २०७० पर्यंत कार्बन उत्सर्जन निव्वळ शून्यावर आणण्याचे उद्दिष्ट भारताने २०२१ मध्ये ग्लासगोच्या परिषदेत जाहीर केले. कोळसा एका वर्षात बंद होणार नाही, पण कायमही चालणार नाही. २०१२ मध्ये जन्मलेला विद्यार्थी २०७० मध्ये ५८ वर्षांचा असेल. त्याच्या नोकरीचा सारा काळ या बदलातच जाणार आहे. खाणीत, केंद्रात, त्यांच्या भोवतीच्या दुकानांत आणि शाळांत काम करणाऱ्यांनी कोणती कौशल्ये शिकावीत, उकरलेल्या जमिनीचे काय करावे, पाणी कोणाला द्यावे, यासाठी येथेही एका रेषेच्या अंदाजाऐवजी अनेक चित्रे लागतील.

हे काम करायचे असेल तर

तुमच्यापैकी कोणाला हा व्यवसाय करावासा वाटला, तर त्यासाठी शालेय विषयांपैकी एकही विषय वाया जात नाही. आकडे समजण्यासाठी गणित आणि संख्याशास्त्र, बदल कसे घडतात हे कळण्यासाठी इतिहास, जमीन-पाणी-हवामानासाठी भूगोल आणि विज्ञान, आणि दुसऱ्याला समजेल असे लिहिण्यासाठी भाषा. अमेरिकेतील हवाई विद्यापीठात हा अभ्यास १९७० च्या दशकापासून शिकवला जातो. फिनलंडच्या संसदेत १९९३ पासून भविष्याचा विचार करणारी समितीच आहे. आपल्याकडे १९८८ मध्ये स्थापन झालेल्या टायफॅक या संस्थेने डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या नेतृत्वाखाली देशभरातील तज्ज्ञांना बरोबर घेऊन २०२० सालासाठी तंत्रज्ञानाचे चित्र रेखाटले.

‘भविष्य-अभ्यासक’ अशी पाटी असलेल्या जागा आपल्याकडे थोड्या आहेत. पण हेच काम वेगळ्या नावांनी पुष्कळ ठिकाणी चालते. वन विभागात कार्य आयोजना तयार करणारे अधिकारी, विमा कंपनीतील गणिती, नगररचनाकार, पाटबंधाऱ्यांचे अभियंते आणि ग्रामसभेच्या अभ्यासगटात बसणारी माणसे हे सारे त्याच वाटेचे प्रवासी.

करून पाहा

१. डेल्फी पद्धत : अमेरिकेतील रँड संस्थेत ओलाफ हेल्मर आणि नॉर्मन डाल्की यांनी ही पद्धत विकसित केली. शिक्षकांनी वर्गाला एक प्रश्न द्यावा. उदाहरणार्थ, ‘आपल्या गावातील विहिरींना वीस वर्षांनी मे महिन्यात पाणी असेल का? का?’ प्रत्येकाने नाव न घालता चिठ्ठीवर उत्तर आणि कारण लिहावे. शिक्षकांनी सर्व उत्तरे फळ्यावर मांडावीत. ती वाचून प्रत्येकाने पुन्हा चिठ्ठी लिहावी. असे तीन वेळा करा. नावे नसल्याने हुशार मुलाच्या किंवा मोठ्या आवाजाच्या प्रभावाखाली कोणी येत नाही. मते कशी आणि कोणत्या कारणाने बदलतात ते पाहा.

२. फुलोऱ्याची नोंद : तुमच्या भागात बांबू असेल तर आजी-आजोबांना विचारा, ‘बांबू शेवटचा केव्हा फुलला होता? त्या वर्षी काय काय झाले?’ साल आठवत नसेल तर कोणाचे लग्न, कोणाचा जन्म, कोणता पूर यांवरून ते ठरवा. पाच-सहा घरी विचारून उत्तरे ताडून पाहा आणि तारखेसह वहीत लिहून शाळेत ठेवा.

ही दुसरी वही लहान वाटेल, पण तिची किंमत मिझोरमच्या उदाहरणावरून तुमच्या लक्षात आली असेल. ज्यांनी मागचा फुलोरा पाहिला ती माणसे आज आपल्यात आहेत, आणखी वीस वर्षांनी नसतील. पुढचा फुलोरा पाहणारे तुम्ही असाल. त्या वेळी गावातील कोणी तरी कपाटातून वही काढील आणि म्हणेल, ‘हे घडणार हे शाळेतल्या मुलांनी लिहून ठेवले होते.’ तेव्हा गावाने ऐकावे, यासाठी नोंद आजच सुरू केली पाहिजे.